विनोद आधी, संदर्भ मागाहून



या व्यासपीठावरून आजवर ज्ञानेश्वरीवर बोललं गेलंय, पाणीप्रश्नावर बोललं गेलंय, गेल्या वर्षी तर सहकारी बँकांवर. मी बोलणार आहे ते भिकार सिनेमे बघत बसलेल्या दोन बाहुल्या काय पुटपुटतात याबद्दल. विषय कळवला तेव्हा कार्यवाह फोनवर थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "शीर्षक तरी जरा भारदस्त ठेवा." तेही मला जमलेलं नाही.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी जमतो, त्या सरांना तळटीपांचं फार वेड. वर्गात एखादी ओळ आली की ती कुणाला उद्देशून आहे, त्याआधी कोण काय म्हणून गेलं होतं, हे सांगितल्याशिवाय सर पुढे सरकत नसत. त्यांच्या नावाच्या व्याख्यानमालेत, तळटीप द्यायला साफ नकार देणाऱ्या विनोदाबद्दल बोलणं जरा आगाऊपणाचंच. सरांना हे आवडलं असतं असं म्हणून मी सुटका करून घेत नाही. बहुधा नसतंच आवडलं.

कार्यक्रमाचं नाव 'मिस्टरी सायन्स थिएटर ३०००'. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात मिनियापोलिस नावाचं शहर आहे, हाडं गोठवणाऱ्या थंडीचं. तिथल्या केटीएमए या लहानशा स्थानिक वाहिनीवर २४ नोव्हेंबर १९८८ला, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, तो पहिल्यांदा दिसला. जोएल हॉजसन हा विनोदी कलावंत त्याचा जनक. कल्पना अशी की, एका माणसाला वेड्या शास्त्रज्ञांनी अवकाशात एका उपग्रहावर कोंडलंय आणि जगातले टाकाऊ सिनेमे एकामागून एक बघायला लावलेत. सोबतीला म्हणून त्याने यंत्रमानव बनवले; त्याच त्या बाहुल्या. पण त्यासाठी जे सुटे भाग वापरले ते नेमके सिनेमा चालू-बंद करायच्या यंत्रणेचे होते. त्यामुळे आता सिनेमा थांबवायची सोयच उरलेली नाही. सगळा मामला इतक्या काटकसरीचा, की टॉम सर्वो या यंत्रमानवाचं डोकं म्हणजे रंगीत गोळ्या देणारं यंत्र, आणि दुसऱ्याची, क्रोची, चोच म्हणजे उभी चिरलेली प्लॅस्टिकची बोलिंगची पिन. डोळ्यांच्या जागी पिंगपाँगचे चेंडू.

पडद्यावर खराखुरा जुना सिनेमा चालू असतो. खाली उजव्या कोपऱ्यात खुर्च्यांची रांग आणि तीन काळ्या सावल्या: एक माणूस, दोन यंत्रमानव. सिनेमाभर तिघांच्या तोंडाला खळ नाही. पिटातून शेरे मारणं आपल्याला काही नवं नाही. इथे फरक एवढाच, की पिटातल्या या मंडळींनी सिनेमा आधी पुनःपुन्हा पाहिलेला असतो, प्रत्येक शेरा कागदावर उतरवलेला असतो आणि संवादांमधल्या फटीत नेमका बसेल असा तासून आणलेला असतो. फट दोन सेकंदांची, कधी तीन. हशा ध्वनिमुद्रित करून घातलेला नाही. म्हणजे कुठे हसायचं हेही कुणी सांगत नाही. शेरा येतो, तुमच्या कानावरून जातो, तुम्ही विचार करेपर्यंत पुढचे दोन येऊन गेलेले असतात.

आणि शेरे कसले? मिनेसोटातल्या स्थानिक गोष्टींवरचे, शेजारच्या विस्कॉन्सिनमधल्या ग्रीन बे पॅकर्स या फुटबॉल संघावरचे, कुणाच्याही लक्षात नसलेल्या जाहिरातींवरचे, एकच गाणं गाजवून लुप्त झालेल्या गायकांवरचे. मध्येच शेक्सपिअर. कार्यक्रम पुढे केबलवर गेला, १९९९पर्यंत टिकला, त्याला पीबडी पुरस्कारही मिळाला. पण देशभर दिसायला लागल्यावर लेखकांनी मिनेसोटाचे संदर्भ काढून टाकले, असं काही झालं नाही. ते हॉलिवूडला गेले नाहीत. मिनियापोलिसच्या ईडन प्रेरी या उपनगरात राहूनच लिहीत राहिले.

यातली एक गोष्ट जवळून दाखवतो.

त्या कार्यक्रमात, सिनेमा कोणताही असो, पडद्यावर कुणी पाण्याखाली गेलं की सावल्यांपैकी एक जण एकदम भारदस्त आवाज काढतो आणि सांगतो की, एव्हाना माझी फुप्फुसं हवेसाठी तडफडू लागली होती. प्रथमपुरुषी, भूतकाळी, थोरामोठ्यांच्या आत्मचरित्रात असावं तसं वाक्य. तळ्यात पडलेला राक्षस असो की पोहायला उतरलेली नायिका, वाक्य तेच. मला पहिल्यांदा हसू आलं ते निव्वळ त्या आवाजाला. वाक्य कुठलं, कुणाचं, काही पत्ता नव्हता. कुठलं तरी असणार, एवढं मात्र जाणवत होतं. कारण ते उच्चारताना बोलणाऱ्याच्या आवाजात नकलेचा खास लाडिक नेमकेपणा होता. नक्कल आहे हे कळतं, कुणाची हे कळत नाही. अशी वाक्यं दातात अडकलेल्या बडीशेपेसारखी राहून जातात.

पुढे बऱ्याच वर्षांनी अमेरिकेत एका नातेवाइकांकडे मुक्काम होता. विमानप्रवासाने झोपेचं खोबरं झालेलं. पहाटे दिवाणखान्यात आवाज बारीक करून टीव्ही लावला. जुन्या मालिका दाखवणाऱ्या एका वाहिनीवर कृष्णधवल समुद्र, पाठीवर हवेच्या टाक्या बांधलेला एक माणूस, बुडबुडे. आणि त्या बुडबुड्यांवरून त्या माणसाचा आवाज: मी खाली उतरलो, मी पाहिलं, मला जाणवलं. भारदस्त, प्रथमपुरुषी, भूतकाळी! माझी ट्यूब पेटली ती तिथे, सोफ्यावर, एकट्याने. ही मालिका 'सी हंट', १९५८ ते १९६१ या काळातली. नायक लॉइड ब्रिजेस. पाणबुड्याच्या साहसांची मालिका काढली तर अडचण उघड आहे: पाण्याखाली बोलता येत नाही. म्हणून नायक स्वतःच्या साहसाचं निवेदन मागाहून करतो. मिनेसोटातली ही लेखक मंडळी लहानपणी ज्या टीव्हीसमोर बसली, त्यावर असल्या मालिकांची पुनःप्रक्षेपणं चालत, आणि तो आवाज त्यांच्या कानांत मुरला.

मी मोठ्याने हसलो आणि लगेच तोंडावर हात ठेवला, कारण घरातले झोपलेले होते. तेवढ्यात दुसरा धक्का. मालिकेतल्या पाणबुड्याचं नाव माइक नेल्सन. आणि १९९३मध्ये जोएल हॉजसन बाहेर पडल्यावर त्या उपग्रहावर कोंडला गेलेला दुसरा माणूस, कार्यक्रमाचा प्रमुख लेखक, त्याचं खरं नाव मायकल नेल्सन! यात कुणाची योजना नाही, नेल्सन आडनाव त्या भागात चिकार. पण ज्याला दोन्ही माहीत आहेत त्याला त्या पाण्याखालच्या वाक्यात आता एक जास्तीचा घुंगरू वाजताना ऐकू येतो.

आता या आनंदात नेमकं काय होतं, ते पाहू. मला 'सी हंट'विषयी माहिती मिळाली हे त्यात फारच कमी. माहिती कुणीही दिली असती. झालं असं की, वर्षानुवर्षं डोक्यात विनाकारण पडून राहिलेल्या एका तुकड्याला आपला जोडीदार सापडला, आणि तोही मी शोधत नसताना. विनोद आधी येऊन बसला होता. मूळ गोष्ट मागाहून आली. शाळेत आपण शिकतो तो क्रम याच्या बरोबर उलटा: आधी मूळ काव्य, मग त्यावरचं विडंबन. सर याच क्रमाने शिकवत, आणि तो क्रम चुकीचा आहे असं माझं म्हणणं नाही. पण हसण्याच्या बाबतीत तो जवळजवळ कधीच पाळला जात नाही.

आपल्याच घरातलं बघा. पु. ल. देशपांडे यांची 'बटाट्याची चाळ' १९५८मध्ये आली. तिच्यात चाळकऱ्यांच्या गच्चीच्या लढ्याचं प्रकरण आहे, 'गच्चीसह झालीच पाहिजे'. ज्यांनी ते त्या वेळी वाचलं त्यांच्या कानांत 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' ही घोषणा ताजी होती. बाहेर रस्त्यावर मोर्चे निघत होते. माझ्या पिढीने गच्ची आधी ऐकली. कॅसेटवर, जेवणं झाल्यावर, घरचे सगळे हसताहेत म्हणून हसत. संयुक्त महाराष्ट्राचा लढा पाठ्यपुस्तकात नंतर आला, आणि इतिहासाच्या तासाला घोषणा वाचल्याबरोबर मागच्या बाकावर कुणी तरी पुटपुटलं, "गच्चीसह!" बाईंना राग आला. राग येण्याजोगंच होतं, त्या लढ्यात माणसं गेली होती. पण त्या मुलाला घोषणेचा ताल, तिची जिद्द, तिच्यातला 'च' हे सगळं चाळीमुळे आधीच तोंडपाठ होतं. त्याच्यासाठी इतिहास हा विनोदाचा मूळ संदर्भ होता.

'मिस्टरी सायन्स थिएटर'च्या प्रेक्षकांचा तर अख्खा प्रवासच असा उलटसुलट झाला. सुरुवातीच्या काळात श्रेयनामावलीत प्रेक्षकांना एक सूचना असे: कॅसेटी फिरवत राहा. केबल सगळ्यांकडे नव्हती, म्हणून ज्यांच्याकडे होती त्यांनी व्हीएचएसवर मुद्रित करून पोस्टाने इतरांना पाठवायचं. माझ्यापर्यंतही तो असाच आला, एका मित्राच्या थोरल्या भावाच्या सामानातून. त्यातही भानगड होती. तिकडची कॅसेट एनटीएससी पद्धतीची, आपले व्हीसीआर पाल. साध्या यंत्रात घातली की चित्र धावायला लागायचं. दोन्ही पद्धती चालणारा व्हीसीआर ज्याच्याकडे असेल त्याच्या घरी आम्ही ठाण मांडायचो. त्या घरच्या काकू एकदा दारात उभ्या राहून पाच मिनिटं बघत होत्या. म्हणाल्या, "सिनेमा वाईट आहे हे त्यांनाही कळतंय, तर मग बघतात कशाला?" या प्रश्नाचं उत्तर मला आजही नीट देता येत नाही.

कॅसेटी क्रमाने कधीच यायच्या नाहीत. आणि हा कार्यक्रम स्वतःचेच जुने विनोद पुन्हा वापरणारा. 'ईगा' नावाचा १९६२चा एक सिनेमा आहे, कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात सापडलेल्या आदिमानवाचा. आदिमानव झालेला रिचर्ड कील पुढे बाँडपटात पोलादी दातांचा खलनायक झाला. त्यातल्या एका दृश्यात माणसं डोंगराकडे निघतात आणि कुठून तरी आवाज येतो: सापांपासून जपा! पडद्यावर कुणाचेच ओठ हललेले नाहीत. वाक्य नंतर कधी तरी ध्वनिमुद्रणात चिकटवलेलं. सावल्या दचकतात, कोण बोललं म्हणून विचारतात. त्यानंतर कार्यक्रमात सिनेमा बदलो, साल बदलो, कुणी रानावनात निघालं की सापांपासून जपा. आम्हांला हे नंतरचे साप आधी भेटले. ओठ न हललेला तो मूळ क्षण पुष्कळ उशिरा बघायला मिळाला, आणि तोवर आम्ही स्वतः ट्रेकला निघालेल्या लोकांना तो इशारा देऊन मोकळे झालो होतो.

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो मला मान्य आहे. आडवळणाचा संदर्भ ही परवलीची खूण होऊ शकते. खोलीत दहा माणसं बसलेली असतात, शेरा येतो, एक जण खो खो हसतो आणि बाकीचे का हसले नाहीत हे बघायला वळतो. त्या माणसाचा आनंद विनोदाचा नसतोच, इतरांच्या कोऱ्या चेहऱ्यांचा असतो. असे लोक मी पाहिलेत. तरुणपणी त्यांच्यात थोडाफार बसायचोही. संगीताच्या मैफलीत समेआधीच मान डोलावणारे याच जातीचे.

पण हा कार्यक्रम त्या आढ्यतेला फार दाद देत नाही, आणि त्याचं कारण त्याच्या लिखाणाच्या पद्धतीत आहे. तो एकट्या विद्वानाने लिहिलेला नाही. एका खोलीत सगळे लेखक बसायचे, सिनेमाचा तुकडा लावायचा, थांबवायचा, ज्याच्या तोंडाला जे येईल ते टिपायचं. कुणाच्या डोक्यात रॉक संगीत, कुणाच्या डोक्यात जुने भयपट, कुणाच्या डोक्यात चर्चमधली गाणी आणि फुटबॉल. तेव्हा खुद्द लेखकांपैकीही एका माणसाला सगळे संदर्भ सहज लागत असतील असं मला वाटत नाही. मग प्रेक्षकाची काय कथा! इथे पैकीच्या पैकी मिळवणारा कुणीच नाही. शिवाय लागणारं ज्ञान कसलं, तर बंद पडलेल्या शीतपेयाची जाहिरात. त्याची घमेंड करायची म्हटली तरी किती करणार?

हॉजसनचं याबद्दलचं म्हणणं प्रसिद्ध आहे. हे कुणाला कळणार, असा प्रश्न आम्ही विचारत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल, असा त्याचा आशय. वरवर पाहता हे उद्धट वाटतं. मला त्यात उलट सभ्यता दिसते. ऐकणाऱ्याला काय माहीत असेल ते आधीच ठरवून टाकायचं आणि त्या उंचीपर्यंत विनोद खाली आणायचा, यात जो अपमान आहे तो कुणी बोलून दाखवत नाही. १९९६मध्ये या मंडळींनी मोठ्या पडद्यासाठी सिनेमा केला, 'धिस आयलंड अर्थ' या १९५५च्या विज्ञानपटावर शेरे मारणारा. आता पैसा स्टुडिओचा. नमुन्यादाखल प्रेक्षक बोलावून सिनेमा दाखवण्यात आला, न कळणाऱ्या जागा बदलायला लावल्या, काटछाट झाली. शेवटी तयार झालेला सिनेमा सव्वा तासाच्याही आत संपतो. ज्या सिनेमाची टर उडवायची, त्याच्यापेक्षाही तो छोटा! विनोद वाईट नाहीत. पण सगळे लगेच कळतात, आणि बाहेर पडताना खिशात काहीच उरत नाही.

सगळेच आडवळणी शेरे चांगले असतात असं मात्र मुळीच नाही. नुसतं नाव घेऊन सोडून देणं हा आळस आहे. पडद्यावर दाढीवाला दिसला की एखाद्या दाढीवाल्या गायकाचं नाव घ्यायचं, झालं. या कार्यक्रमातही असे शेरे पोत्याने आहेत. चांगल्या संदर्भाची माझी कसोटी साधी आहे: न कळता तो कानाला गमतीचा वाटला पाहिजे आणि कळल्यावर पडद्यावरच्या दृश्याबद्दल काही तरी नवं बोलला पाहिजे. पाण्याखालचं वाक्य तसं आहे. माहीत नसलं तरी तो आवाज हसवतो. माहीत झालं की समोरच्या रद्दड सिनेमातलं बुडणं किती खोटं आहे, हेही ते सांगतं.

१९९९मध्ये त्यांनी 'हॅम्लेट' घेतला. जर्मन दूरचित्रवाणीवरचा १९६१चा, मॅक्सिमिलियन शेल याचा, इंग्रजीत डब केलेला. चाहत्यांमध्ये या भागावरून वाद आहेत. मला तो फसलेला वाटतो. एरवी सावल्या शेक्सपिअर वापरतात तो एखाद्या टुकार राक्षसपटावर, आणि अशा ठिकाणी तो फटाक्यासारखा उडतो. इथे शेक्सपिअरच पडद्यावर. ज्याचा दाखला द्यायचा तोच समोर येऊन बसल्यावर दाखला कशाचा द्यायचा? संवादही असे की फटी मिळत नाहीत. सावल्या बिचाऱ्या दबकत बोलतात.

आता थोडं काळाबद्दल. १९९०च्या आसपास हा कार्यक्रम बघताना आम्ही इथले प्रेक्षक म्हणजे पक्के परके होतो. पाचातला एखादा शेरा कळला तरी खूप. तिकडच्या समवयस्कांना तो अंगणातल्यासारखा कळत असेल म्हणून हेवा वाटायचा. तीस-पस्तीस वर्षांत गंमत झाली. तिकडची जी मुलं आज विशीत आहेत त्यांनी 'सी हंट' पाहिलेली नाही, त्या जाहिराती पाहिलेल्या नाहीत, ती दुकानं कधीच बंद पडली. मिनियापोलिसमध्ये जन्मलेली मुलगी आणि साताऱ्यात जन्मलेला मुलगा या शेऱ्यांपुढे आता जवळपास सारख्याच अंधारात बसलेत. तरी ती मुलं बघतात. २०१५मध्ये कार्यक्रम पुन्हा सुरू करण्यासाठी लोकवर्गणी काढली तेव्हा ४८ हजारांहून जास्त लोकांनी मिळून ५७ लाख डॉलरांवर रक्कम जमा केली, आणि २०१७मध्ये नवे भाग नेटफ्लिक्सवर आले. नव्या भागांबद्दल माझी तक्रार एकच. शेरे इतके दाटीवाटीने येतात की न कळलेला शेरा मनात रुतायला जागाच मिळत नाही. न कळणं हेसुद्धा नीट कळावं लागतं, त्यालाही दोन सेकंद द्यावे लागतात.

फोनवर शोधलं तर आज कुठल्याही शेऱ्याचा उगम लगेच मिळतो. मीही शोधतो, साधू नाही. मिळतं, समाधान होतं, आणि संध्याकाळपर्यंत विसरायला होतं. 'सी हंट' विसरलेलो नाही.

वेळ संपत आली, आणि प्रश्नोत्तरांत पहिला प्रश्न काय असणार ते मला ठाऊक आहे: सुरुवात कुठून करायची? जाणकार तुम्हाला 'मॅनोस: द हँड्स ऑफ फेट' सांगतील. १९६६चा सिनेमा, टेक्सासमधल्या एका खतविक्रेत्याने काढलेला. त्यापासून सुरुवात करू नका, तो सहन करायला सराव लागतो. 'स्पेस म्यूटिनी' बघा, १९८८चा, दक्षिण आफ्रिकेत चित्रित झालेला. त्यात एका दृश्यात मारली गेलेली अधिकारी बाई पुढच्याच दृश्यात आपल्या टेबलाशी काम करताना दिसते आणि सावल्यांचा आनंद गगनात मावत नाही. त्यासाठी कुठलाही संदर्भ लागत नाही. अवकाशातल्या लढाया मात्र त्या सिनेमाच्या स्वतःच्या नाहीत. 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' या १९७८च्या मालिकेतली दृश्यं जशीच्या तशी उचलून लावलीत. ती मालिका आधी बघू नका. 'स्पेस म्यूटिनी' बघून घ्या, आणि 'गॅलॅक्टिका' कधी तरी, कुठे तरी लागलेली दिसली तर पाच मिनिटं थांबा.